आप्पांच्या विमानाचं शेपूट

घरी विमान बांधायला काढलं की विमानाआधी किस्से तयार होतात. आमच्याकडं उदगीरला आत्तापर्यंत नुसतं शेपूट झालंय, पण चहाला बसलं की कुणीतरी म्हणतंच, "सर, ते नारळाचं सांगा की." मी आयटीआयमध्ये पत्राकाम शिकवायचो, म्हणून सगळे सर म्हणतात. रिटायर झालो आणि या भानगडीत पडलो.

भानगड मल्लिकार्जुन आप्पांची. ते डाळमिलचे मालक. तरुणपणी विमान शिकायला नाव घातलं होतं, तेवढ्यात वडील गेले आणि मिलच्या गादीवर बसावं लागलं. आता मिल पोरगा बघतो. मग आप्पांनी परदेशातून किट मागवायचं काढलं. सुटे भाग येतात, पुस्तकात बघून आपणच जोडायचे. त्यांच्या मंडळींनी, महादेवी वैनींनी, एकच अट घातली.

"आधी शेपूट मागवा. जोडून मला दाखवा. पटलं तर पंख, न्हाईतर हे शेपूट भंगारात घालायचं."

त्यामुळं आप्पांचं अख्खं विमान त्या शेपटावर अडकलेलं होतं.

*

पेटी आली त्या दिवशी ट्रान्सपोर्टच्या कारकुनानं विचारलं, "माल काय हाय?"

"विमान," आप्पा म्हणाले.

"किती नग?"

"आख्खा न्हाई. शेपूट हाय फक्त."

त्यानं जरा विचार केला आणि पावतीवर लिहिलं, 'शेती अवजार.' आप्पांनी सही केली.

*

पूजा केल्याशिवाय हात लावायचा न्हाई, असं आप्पांचं म्हणणं. जोडकाम मिलच्या गोदामात करायचं होतं, तिथं मठातून स्वामी आले. पत्र्यावर भस्माचे तीन पट्टे ओढले, बेल वाहिला. मी म्हणालो, "आप्पा, नारळ तेवढा बाहेर फोडा."

"बाहेर विमान हाय का?"

फोडला तिथंच, फरशीवर. करवंटीचा तुकडा उडाला तो थेट पत्र्यावर. विमानाचा पत्रा पोस्टकार्डाच्या जाडीचा, त्याला चांगला बोटभर पोचा आला. पहिलं भोक पाडायच्या आधी आम्ही दुसरा पत्रा मागवला. कंपनीनं विचारलं, नुकसान कशानं झालं? मला नारळ लिहवेना. 'हत्यार हातातून निसटलं,' असं कळवलं.

त्यांचं उत्तर लगेच आलं. 'कृपया पुढील कामात ते हत्यार वापरू नये.'

*

रिव्हेट मारायला सलीमभाई. तीस वर्षं पत्र्याचे कूलर बनवणारा माणूस, हात एकदम साफ. मी त्याला पुस्तक वाचून दाखवलं. भोक पाडायचं, मग सगळं खोलायचं, भोकाच्या कडा घासायच्या, रंगाचा हात द्यायचा आणि परत जोडायचं. मग रिव्हेट.

"सर, एवढ्यात मी दोन कूलर बनवून विकून येतो."

"तुझा कूलर बिघडला तर काय होतंय?" आप्पांनी विचारलं.

"काय होणार? मालक गरमीत झोपतो."

"हे बिघडलं तर मी झोपतो."

सलीमभाईनं त्या दिवसापासून कानस खाली ठेवली नाही.

*

बघायला येणाऱ्यांचं तर विचारूच नका. वैनींचे भाऊ शिवराज, जळकोटकडं शेती. त्यांनी शेपटाला एक चक्कर मारली आणि आप्पांना आग्रहच धरला.

"दाजी, येळवसाला आमच्या रानात उतरवा. रस्त्यानं नका येऊ."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्याकडं अख्खा जिल्हा रानात जेवायला जातो, भज्जी आणि आंबिलाचा दिवस. आप्पांना लई आनंद झाला. कुठं उतरायचं, किती लांब पट्टा लागंल, कागदावर काढूनच बसले. शिवराज निघाले, दारातून परत आले.

"दाजी, उतरा खुशाल. पण हरभरा तुडवायचा न्हाई."

*

शेपूट पुरं झालं. वैनींनी बघायला यायचा दिवस ठरला.

आप्पांचा स्वभाव मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सगळ्यांना ठाऊक. चूक कबूल करायची नाही. एकदा एका गिऱ्हाईकानं डाळीतला खडा आणून समोर ठेवला, तर आप्पा म्हणाले, "हा आमच्याकडचा न्हाई. आमचा खडा इतका मोठा नसतोय." वैनींनी या माणसाबरोबर चाळीस वर्षं काढलेली.

आणि शेपटात चुका होत्या. एक भोक कडेला फार जवळ गेलेलं, दोन-तीन रिव्हेट तिरके. सलीमभाई म्हणाला, रंगात झाकून जातंय. मीही मान डोलावली. आत्ता सांगताना लाज वाटते, पण डोलावली.

वैनी आल्या. पदर खोचून रिव्हेटच्या ओळींवरून हात फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या. मग विचारलं, "यात कुठं चुकलंय का?"

"न्हाई भाभी, एकदम कडक," सलीमभाई म्हणाला.

"सर?"

"ठीक आहे सगळं," मी म्हणालो.

त्या आप्पांकडं वळल्या. आप्पांनी पोत्यांवर मार्क करायचा खडू घेतला आणि शेपटाजवळ जाऊन बसले. कडेच्या भोकाला गोल केला. तिरक्या रिव्हेटांना गोल केला. मग टॉर्च मागितली, एका बारीक खाचेतून आत हात घातला आणि तिथं एक गोल केला. त्या आतल्या चुकीचा मला आणि सलीमभाईला पत्ताच नव्हता.

"एवढंच हाय," ते म्हणाले. "हे सगळं काढून परत करावं लागंल."

वैनींनी खाली वाकून एकेक गोल बघितला. मग उठल्या, गोदामाच्या दाराशी गेल्या आणि वर बघत मला म्हणाल्या,

"सर, पंख किती लांब असतेत? ह्या शटरमधून येतेत का?"