जमिनीच्या आतलं दाखवणारा

आमच्या खेड्यात, गोरेगावात, मशीनवाला म्हटलं की तो एकच. चार चाकांची एक मशीन तो लोकांच्या रानातून ढकलत फिरतो. जमिनीत मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या आणि पुरलेली वस्तू टॅबवर लांबी, रुंदी, खोलीसकट दाखवायची, हा त्याचा धंदा. तळहातावर नारळ घेऊन पाणी शोधणाऱ्या पानाड्यांना तो पोट धरून हसतो. “हे सायन्स हाय, भाऊ. इथं अंदाज चालत न्हाई,” असं दर दहा पावलांना म्हणतो आणि टॅब बाहीनं पुसतो.

मशीन सुरू करण्याआधी मात्र तो घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शोधतो. आमची जुनी पाइपलाइन जमिनीत कुठंतरी फुटली होती आणि हळद सुकत चालली होती. आल्या आल्या त्यानं माझ्या वडलांना बांधावर आणलं.

“आबा, लाइन कुठून गेली व्हती?”

आबांनी काठीनं लिंब दाखवला. मशीन थेट लिंबाकडे गेली आणि टॅबवर आमचा पाइप लालभडक, गोल, आतून पोकळ असा दिसू लागला. मीसुद्धा थक्क झालो, हे कबूल करतो.

कंबरभर खोदलं. नुसता मुरूम निघाला. तेव्हा कुठं आबांना आठवलं, की पाइप पलीकडच्या बाभळीखालून गेलाय.

तो जराही ओशाळला नाही. टॅब बाहीनं पुसून आबांवरच उखडला, “तुमीच गलत जागा सांगितली, आबा. मशीन बिचारी काय करंल?”

आणि आमच्या आबांनी काठी खाली ठेवून त्या मशीनला हात जोडले.