पाचवीचा पहिला दिवस आणि दाराबाहेर काढलेले बूट

आज, सोळा जून, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी श्रीरामपुरातल्या एका माध्यमिक शाळेने माझ्या दहा वर्षांच्या नातीला, आर्याला, नवे बूट हातात धरून वर्गाबाहेर उभं केलं. पूर्ण दोन तास.

तिचा गुन्हा? वर्गात शिरताना तिने बूट दाराबाहेर नीट काढून ठेवले. घोडेगावला, तिच्या गावच्या शाळेत, चार वर्षं ती हेच करत आली. तिथे चपला घालून वर्गात गेलं तर गुरुजी रागावतात.

इथल्या बाई म्हणाल्या, "हे काय देऊळ आहे? खेडवळ कुठली!" अख्खा वर्ग हसला.

मी तडक मुख्याध्यापकांना गाठलं. ते म्हणाले, "आजी, एवढं मनाला लावून घेऊ नका. मुलं विसरतात."

"मी तुमची आजी नाही," मी म्हटलं.

मी कॉन्व्हेंटात शिकले. आमच्या सिस्टर पट्टीने मारत, पण वर्गाला कुणावर हसायला लावत नसत.

आर्या दुपारपासून जेवलेली नाही. बूट पलंगाखाली ढकललेत. "आजी, मला घोडेगावला सोड. मला न्हाई शिकायचं." शिकण्यासाठीच तिला आईबापांपासून तोडून मी इथे आणलं. आता तिला काय सांगू? हे वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणाचं लेकरू असं हटून बसलं होतं का? तुम्ही काय केलंत?

आणि शाळेला सांगते: बाईंनी त्याच वर्गासमोर तिची माफी मागावी. बुधवारी, अठरा जूनला, दुपारी बाराच्या आत मला लेखी उत्तर हवं. वर 'आजी' लिहू नका, 'पालक' लिहा.