काच चाटणारा

खडकीच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये आम्हाला खोल्या दोन, आणि भावाच्या माशांना मात्र खिडकीपाशी ऐसपैस टाकी. त्यातला एक काळा, अंगावर चिलखत असलेला मासा दिवसभर काच चाटत बसे. तो दूरच्या कुठल्या तरी उष्ण देशातल्या नदीतला, असं भाऊ कौतुकाने सांगायचा. मला मेला पहिल्यापासून आवडला नाही.

भाऊ महिनाभर इस्पितळात नळ्या लावून पडला आणि गेला. क्वार्टर त्याच्या नोकरीचं, ते सोडणं आलं. बाकीचे मासे शेजाऱ्यांनी नेले; काच चाटणारा कोणालाच नको होता. आईने तो बादलीतून नेऊन मुळा नदीत सोडला आणि सवयीने म्हणाली, "ये हं."

सोबतच्या शेजारीणबाई चरकल्या. दुखवट्याच्या घरून निघताना कोणी 'येतो' म्हणत नाही, की निघणाऱ्याला कोणी 'ये' म्हणत नाही, हे मला आईनेच शिकवलेलं. मी तिच्यावर चिडले. ती मात्र त्यानंतर दर रविवारी नदीकाठी जाऊन बसू लागली. मुलगा गेला हे तिने मनाला शिवूच दिलं नव्हतं. तिच्या त्या शांतपणाची मला भीती वाटायची.

काही वर्षांनी एका रविवारी मीही तिच्यासोबत गेले. एका भोयाने जाळं ओढलं, तर आत सगळे तेच. तेच काळं अंग, तेच तोंड. आमच्यासारखे सोडणारे पुष्कळ असणार, हे कळत होतं. तरी माझ्या अंगावर काटा आला.

"आपल्याकडचं मासं संपीवलं ह्यांनी," म्हणत तो ते काठावर फेकत होता. तिथे आधीचा एक धुळीत पडला होता. कातडी वाळलेली, तोंड मात्र उघडत मिटत होतं, हवाच चाटत असल्यासारखं. आई त्याच्याशेजारी खाली बसली. हा कधीचा, तिने विचारलं.

"सकाळचा हाय, मावशी. लई चिवट. वाट बघायची."

आई बराच वेळ त्या तोंडाकडे बघत राहिली.

"दगड घाला हो याच्यावर," ती म्हणाली. "अशी एकदा महिनाभर बसलेय मी. आता नाही बसवत."

त्याने दगड घातला. घरी येऊन आईने डोक्यावरून अंघोळ केली, आणि भाऊ गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडली.