विचारलं तर काय होईल?

मला झोप न लागायचं कारण अगदी साधं होतं. माझी नणंद, सुमनवन्सं, सासरहून परत आली होती. जेवत नव्हती, बोलत नव्हती. मला तिला एक प्रश्न विचारायचा होता, आणि तो तोंडातून निघत नव्हता. मी फोन घेते त्या हेल्पलाइनच्या ट्रेनिंगमध्ये शिकवणाऱ्या बाईंनी तर तो घोटून घेतला होता : "जीव द्यावासा वाटतो का, असं सरळ विचारा. विचारल्यानं ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आणि 'हो' आलं, तर उठून जाऊ नका." फोनवर अनोळखी माणसाला मी विचारायची. घरात जीभ टाळ्याला! लोक ह्या एका प्रश्नाला किती भितात, ह्याचे किस्से हेल्पलाइनवरच्या आम्हा चारचौघींकडे इतके साठलेत, की चहा गार होतो पण ते संपत नाहीत.

*

एका शाळेत नववीतला मुलगा वर्गशिक्षकांना म्हणाला, जगायचा कंटाळा आलाय. हेडमास्तरांनी त्याला प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. आमच्या बाई भांडायला गेल्या, तर हेडमास्तर म्हणतात, "मॅडम, शिस्तीचा प्रश्न आहे!"

*

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आम्हाला बोलावलं होतं. मॅनेजरनी आधीच बजावलं, टेन्शनवर बोला, प्राणायाम सांगा, पण 'तो' शब्द नको. पोरं कामाला लागल्यात, उगं किडा सोडू नका. घेतला आम्ही प्राणायाम! निघताना हेच गृहस्थ रिक्षापर्यंत आले, इकडंतिकडं बघत हळूच म्हणाले, "ते सरळ विचारायचं असतंय म्हंत्यात, ते कसं वो विचारायचं? आमच्या मेव्हण्याचं जरा..."

*

हळदीकुंकवाला शेजारच्या काकी म्हणाल्या, "बोलणारी माणसं कधी करत न्हाईत गं. लग्न झाल्यापासनं 'जीव देते' म्हणून माझं चालूच हाय की!"

सगळ्या हसल्या. मीसुद्धा. जिन्यात आल्यावर संताप आला. इतक्या वर्षांत एकानंही त्या बाईला "का गं?" विचारलं नव्हतं! आणि मी तरी कुठं विचारलं?

*

आमच्या घरात तर सासूबाईंची बंदीच होती. तिला त्यातलं काय विचारू नगंस, इसरंल आपोआप. मग मी पोळ्या लाटताना बाईंचा धडा पुटपुटायची, प्रश्न आणि पुढचंही. पलीकडं माझी पहिलीतली लेक, चिमी, अभ्यासाला बसलेली असते, हे ध्यानातच नाही.

रविवारी सगळे जेवायला बसलो. वन्सं भात नुसता चिवडत होती. चिमीनं घास गिळला आणि विचारलं, "आत्या, तुला जीव द्यावासा वाटतो का?"

सासूबाईंच्या हातातली पळी आमटीत पडली. ह्यांनी चिमीवर हात उगारला.

वन्सं ताटाकडं बघत म्हणाली, "व्हय."

सासूबाई उठल्या. हे उठले. एवढं ट्रेनिंग घेतलेली मीही अर्धी उठलेच होते.

चिमी म्हणाली, "आता उठायचं न्हाय. बसा की सगळी."