वही सदऱ्याच्या आत होती

भजनाच्या म्हाताऱ्या बुवांनी चारचौघांत माझ्या हातातली वही ओढून घेतली, त्यानंतर आठवडाभर मी मारुतीला हात जोडले नाहीत. दुष्काळाचं साल. जामखेडकडचं आमचं शिवार करपलं, म्हणून मी इकडे साखर कारखान्यावर आलो होतो, ऊसगाड्या वजनकाट्यावर रांगेनं घ्यायच्या कामाला. ओळखीचं कुणी नव्हतं. शनिवारी दिवस मावळताना वसाहतीतल्या मारुतीपुढं भजन व्हायचं. त्या टाळकऱ्यांत बसलो, की परक्या मुलखात आहे हे तेवढा वेळ विसरायचो.

शाळा माझी पाचवीतच सुटली. पाठ केलेलं माझ्या डोक्यात टिकत नाही, मास्तरांच्या छडीनंही टिकलं नव्हतं. म्हणून घर सोडताना वडलांकडून अभंग सांगून घेतले आणि शिसपेन्सिलीनं वहीत उतरवले. त्या शनिवारी पुढं म्हणायची पाळी माझी होती. घाईत दोन पानं एकदम उलटली आणि एका संताचा अभंग मी दुसऱ्याच संताच्या नावावर संपवला. पखवाजवाले नाना म्हणाले, "निम्म्या वाटंत गाडी बदलली की रं यानं." सगळे हसले. ते मी सोसलं असतं. पण बुवांनी वही ओढली.

"देवापुढं बसलायस का मास्तरापुढं? कागद वाचून कुणी भक्ती करतं व्हय? येत्या शनिवारी एक अभंग तोंडपाठ म्हण, न्हाईतर टाळ ठिवून दे."

आणि वही माझ्या पुढ्यात टाकली, जवळजवळ फेकलीच.

त्या वहीत माझ्या वडलांचा शब्द न् शब्द होता. बुवांना ते ठाऊक नव्हतं, पण विचारायचं तरी होतं. आठवडाभर गाड्यांच्या मागंपुढं धावताना मी एकच अभंग घोकत होतो आणि दर वेळी तिसऱ्या कडव्याशी अडत होतो. राग बुवांवर होता, स्वतःवर होता, आणि खरं सांगायचं तर ज्यानं असं डोकं दिलं त्याच्यावर सगळ्यांत जास्त होता. टाळ गेला तर इथं माझं म्हणावं असं एकही माणूस उरणार नव्हतं.

शनिवारी वही सदऱ्याच्या आत लपवून गेलो. माझी पाळी यायच्या आधी बुवांनी स्वतः अभंग धरला. दोन कडवी झाली आणि बुवा थांबले. म्हणणारा अडला की टाळकरी ध्रुपद फिरवत राहतात, त्याला आठवायला उसंत मिळावी म्हणून. एकदा फिरवलं, दोनदा, पाचदा. बुवांच्या कपाळावर घाम दिसला. नाना पखवाज वाजवता वाजवता खाली बघत होते. हा मी घोकलेला अभंग नव्हता, तरी माझ्या वहीत होता. पण मी हात हलवला नाही. मनात म्हणालो, मारुतराया, हसं होऊ दे याचं आज. चारचौघांतच होऊ दे.

पुढं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. ध्रुपद संपलं आणि तिसरं कडवं माझ्या तोंडून बाहेर पडलं. मी ते घोकलं नव्हतं, आठवायला गेलोही नव्हतो. वडील ज्या चालीत म्हणत तीच चाल, आवाज थोडा खाली घेणंही तसंच. कडवं पुरं झालं तेव्हा मीच घाबरलो होतो. बुवांनी चौथं उचललं आणि अभंग शेवटाला गेला.

टाळ थांबल्यावर बुवांनी माझ्याकडं पाहिलं. "वही आणलीस?"

"व्हय बुवा. सदऱ्यात हाय."

"असू दे. इकडं सरक, जवळ बस."

माफी त्यांनी मागितली नाही, आणि वही फेकल्याचा राग माझ्यातूनही पुरता गेलेला नाही. लोक विचारतात, पाठ करावं की वाचून म्हणावं. मला सांगता येत नाही. त्या दिवशी ते कडवं पाठांतरानं आलं नाही, कागदानंही आलं नाही, आणि मी तर ते मागितलंही नव्हतं. मी मागितलं होतं ते एका म्हाताऱ्या माणसाचं हसं. ते मागणं मारुतीनं ऐकलं नाही, त्याचे उपकार माझ्याकडून अजून फिटत नाहीत.