पुलापुरता कपडा

दिलीपचा फोन आला तेव्हा मी बोदवड स्टेशनवर गाडीची वाट पाहत होते आणि माझ्या पिशवीत एक जुनी उशीची खोळ होती. शेजारच्या काकूंच्या ट्रंकेतून मी ती अक्षरशः भांडून मिळवली होती, कारण तिच्या काठाला निळा धागा होता! म्हणजे धुळ्याच्या बंद पडलेल्या गिरणीचा कपडा. खोळ पाहून नाना कसे उडी मारतील, याचीच मी मनात मजा घेत होते. आणि मामेभाऊ सांगत होता, "अक्का, नाना गेले. पहाटे, झोपेतच…" माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आता ही खोळ मी दाखवू कोणाला?

नाना माझे मामा. धुळ्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर चित्रकला शिकवली. पण निवृत्त झाल्यावर गप्प बसतील तर ते नाना कसले! पांझरा नदीवरचा जुना फरशी पूल पाडला, पाठोपाठ काठावरच्या गिरणीची चिमणी उतरवली, तेव्हा सगळं गाव हळहळलं आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागलं. नानांनी मात्र पुढच्या खोलीतलं सामान अंगणात काढलं. मामीने डोक्याला हात लावला. मी गेले तर नाना रिकाम्या खोलीत हात पसरून गरगर फिरत होते. "तीन भिंती, सुमन! या भिंतीवर गिरणी, त्या भिंतीवर गावाचा काठ, आणि मधल्या भिंतीवर पूल. माणूस खोलीत शिरला की नदीत उभा राहिला पाहिजे!" त्यांचा तो आवेश बघून मलाही धाप लागली.

पण त्यांची एक अट होती, आणि तिनेच सगळी धमाल उडवली. चित्र काढायचं ते गिरणीत विणलेल्या कपड्यावरच. "गिरणी गेली, पण तिचा कपडा अजून घराघरात आहे. तिचं चित्र तिच्याच अंगावर काढणार!" झालं, बातमी गावभर पसरली. जुने कामगार चादरी, पडदे, गाद्यांच्या खोळी घेऊन यायला लागले. मामी शिवणयंत्रावर तुकडे जोडायची, साबुदाण्याची खळ लावून ताणून वाळवायची, तोंडाने अखंड कुरकुरायची आणि एक टाका चुकू द्यायची नाही. ज्याचा कपडा, त्याचा चित्रावर हक्क! "नाना, चादर मनी शे, मनी सायकल बी काढा!" असं जो तो म्हणणार, आणि नाना काढणार. शेवटी गिरणीच्या फाटकापुढे इतक्या सायकली झाल्या, की फाटकच दिसेना. ते पाहून नाना पोट धरून हसले आणि म्हणाले, "असंच होतं! पाळी सुटली की फाटक कुठे दिसायचं?"

आधी दोन्ही काठ आणि मग पूल, असा त्यांचा बेत होता. दोन्ही काठ झाले, झकास झाले, आणि कपडा संपला! मधली भिंत कोरीच राहिली. तुकडे मिळत होते, पण नाना हटून बसले. पूल जोडाजोडीचा नको, एकसंध हवा. असा अख्खा कपडा गावात एकाकडेच होता, रशीदचाचांकडे. चाचा गिरणीत मागावर होते. शेवटच्या दिवसांत विणलेला पांढरा कपडा त्यांनी पेटीत जपून ठेवला होता. नाना मागायला गेले तर चाचा म्हणाले, "नाना, काय बी मांग, हाई मांगू नको. हाई मनं कफन शे."

दुसरा कोणी हिरमुसला असता. नाना उड्या मारतच घरी आले. "कपडा सापडला! फक्त आता चाचाला मरू द्यायचं नाही!" कारण चाचा गेले की कपडाही मातीत जाणार. मग काय विचारता… चाचांना खोकला झाला की नाना काढा घेऊन हजर. रिक्षात घालून डॉक्टरकडे नेणार, गोळ्या घेतल्या का म्हणून दारात उभे राहणार. चाचा वैतागायचे. "मनी तब्येत इचारस का कपडानी?" नाना सांगायचे, "दोन्हीची!" एकदा चाचा म्हणाले, "देखजो, तूच पहिले जाशी." आणि दोघं म्हातारे खो खो हसले.

त्या दिवशी मी धुळ्याला पोहोचले तेव्हा अंगणात नानांना ठेवलेलं. आमच्याकडे जवळची माणसं शेवटचा कपडा अंगावर टाकतात, तसं एकेक जण पुढे होत होता. रशीदचाचा आले. त्यांनी पिशवीतून तो पांढरा कपडा काढला, घडी उलगडली. काठाला निळा धागा! तो नानांच्या अंगावर पडणार, तेवढ्यात मी ओरडले, "थांबा! चाचा, तुमचा कपडा नको!"

चाचांचा हात तसाच राहिला, चेहरा पांढराफटक. माझ्या बोलण्याचा त्यांनी काय अर्थ लावला हे मला तेव्हा कळलं. मी त्यांचा हात धरला आणि सरळ पुढच्या खोलीत नेलं. "चाचा, नानांसोबत हा जळून जाईल हो… हा इथे हवाय." इकडे गिरणी, तिकडे गावाचा काठ, मध्ये कोरी भिंत. चाचा बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आणि ओठांवर हसू. "मरीसन बी पिच्छा सोडस नई हाऊ माणूस!" आणि कपडा त्यांनी माझ्या हातात दिला.

आता काही आठवडे झालेत. मामीने खळ लावली, मधली भिंत भरली. काढणार कोण? मी काढलेला हत्ती नानांना म्हैस वाटायचा. शेवटी चाचांनीच नानांच्या डब्यातला कोळसा उचलला आणि गिरणीच्या फाटकापासून गावाच्या काठापर्यंत एक रेघ ओढली. मध्ये एका ठिकाणी रेघ खाली वाकली. मी म्हटलं, "चाचा, हात हलला." ते म्हणाले, "हात नई हालना. तठे फरशी खचेल व्हती."

एवढाच पूल आहे सध्या. येणारा प्रत्येक जण त्या रेघेवर बोट ठेवून नदी ओलांडतो. त्या भिंतीच्या कडेनेच स्वयंपाकघरातून मामी चहाचा ट्रे घेऊन येते. रेघ वाकते तिथे आली की खाली बघते, आणि पाऊल जपून टाकते.