टेपमधलं जातं

सत्तरी ओलांडल्यावर मी कॉम्प्युटरवर आवाज कापायला शिकले. शिकवणारी माझी भाची. पडद्यावर आवाजाच्या रेघा दिसतात, नको तेवढा तुकडा निवडायचा, बटण दाबायचं, की गेला. मी मात्र दर वेळी बटणावर बोट ठेवून थांबते. भाची वैतागते. "अगं मावशी, चुकलं तर अनडू कर की! इतकी काय घाबरतेस?" तिला काय सांगणार? मी हे काम शिकले तेव्हा कापलेलं ते कापलेलंच राहायचं. आणि त्या कामाची भीती माझ्या मनात बसली ती नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातल्या एका गावात.

बहात्तरचा दुष्काळ होता. मी नुकतीच बी. ए. झाले होते. नगरच्या कॉलेजातले आमचे सर जात्यावरच्या ओव्या गोळा करत खेडोपाडी हिंडायचे, त्यांच्या हाताखाली मी लागले. सर वयस्कर आणि संसारी, म्हणून माझ्या आईनं नाक मुरडत का होईना, परवानगी दिली होती. सरांकडे बॅटरीवर चालणारा स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. आवाज घ्यायचं काम ते स्वतः करत आणि कापायचं-जोडायचं मला शिकवत. स्पूल हातानं मागंपुढं फिरवून नेमकी जागा कानानं शोधायची, मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायची, दाढीच्या ब्लेडनं पट्टी तिरकी कापायची आणि टोकाला टोक भिडवून चिकटपट्टी लावायची. हे सगळं वाया गेलेल्या टेपवर. मूळ टेपला ब्लेड लावायचं नाही, हा सरांचा दंडक. नक्कल करायला दुसरं यंत्र लागे आणि ते पुण्यात होतं. तोवर जगात तेवढी एकच प्रत. त्यामुळे सरावाला ब्लेड हातात घेतलं तरी समोरची टेप मूळ तर नाही ना, हे मी दोनदा बघायची.

त्या गावात एका म्हातारीच्या ओव्या फार चांगल्या, असं कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही गेलो. घरात ती, तिचा मुलगा आणि सून. मुलगा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. सुनेला नववा लागला होता. तिचा पहिला मुलगा माहेरी झाला आणि बारशाआधीच गेला होता, त्यामुळे त्या घरात सगळे जपून बोलत, जपून वागत. आम्हाला त्यांनी ओसरी दिली. मी तिथेच बसून ब्लेडचा सराव करायची आणि म्हातारी कौतुकानं बघायची.

जात्याशिवाय आजीला ओवी सुचत नव्हती. नुसतं बसवून म्हणा म्हटलं की दोन शब्दांवर गाडं अडायचं. मग तिनं रेशनवर मिळालेला तांबडा मिलो, म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारी, दळायला घेतला. एकदा खुंट्याला हात लागल्यावर तिला थांबवणं कठीण. माहेरची वाट, भावाचे बैल, सगळं येऊन गेलं. आणि मग तिनं त्या पहिल्या नातवाची ओवी धरली. नाव ठेवायच्या आधीच गेलेलं पोर. तिनं त्याला ओवीत कधी राजा म्हटलं, कधी पाहुणा. मी यंत्राचा इअरफोन कानात घालून बसले होते. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात कानातला आवाज बदलला. पिठाची दबकी घरघर जाऊन दगडावर दगड घासल्याची कोरडी किरकिर यायला लागली. मिलो संपला होता. ओवी संपली नव्हती म्हणून आजी तशीच जातं फिरवत होती.

रिकामा पाळणा हलवू नये, रिकामं जातं फिरवू नये, हे मला आईनं लहानपणी बजावलेलं. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दारात सून उभी होती. तिनं जात्याकडे पाहिलं, पोटाला हात लावला आणि आत गेली. मग आजी भानावर आली आणि तिचा हात खुंट्यावरून असा निघाला की जणू चटका बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या. दिवस अजून भरायचे होते. सर पहिल्या एसटीनं कर्जतला बॅटऱ्या आणायला गेलेले. सुईण आली, आतलं दार लोटलं गेलं. ऊन डोक्यावर आलं तरी काही सुटका होईना. आतून येणारं कण्हणं मधेच तुटायचं आणि ते थांबलं की मला जास्त भीती वाटायची. मी शिकलेली, शकुन-अपशकुनाला हसणारी मुलगी. पण कालचं रिकामं जातं माझ्या डोक्यातून जाईना.

आजी बाहेर आली आणि टेपरेकॉर्डरसमोर उभी राहिली.

"पोरी, त्या डब्यात माजं जातं अजून फिरतंय."

मला कळेना.

"मी हात काडला, पर त्यात ते फिरतंयच की. रिकामं. तुला पट्टी कापता येती न्हवं? तेवढं काप. थांबीव ते."

"आजी, ही मूळ टेप आहे. सर आले की..."

"ती आत मरंल गं!"

सरांचा मला धाक होता. पण ती 'मरंल' म्हणाली आणि मी यंत्र पुढ्यात ओढलं. लोक म्हणतील अंधश्रद्धा. म्हणोत बापडे. त्या ओसरीवर बसून आतलं कण्हणं ऐकायचं होतं, मग म्हणायचं होतं.

जागा शोधायची म्हणजे ते पुन्हा ऐकायचं. बॅटऱ्या बसत आल्या होत्या. हातानं स्पूल फिरवलं की आजीचा आवाज घोगरा, जड होऊन यायचा, कुणा भलत्याच माणसाचा वाटायचा, आणि त्याच्यामागे ती किरकिर. आजीनं कानांवर हात ठेवले. जातं रिकामं झालं ती जागा सापडली. बरोबर नातवाच्या ओवीच्या तोंडाशी. जातं आणि ओवी एकाच पट्टीवर, एकातून दुसरं वेगळं काढता येणार नव्हतं. हे मी आजीला सांगितलं. ती फक्त म्हणाली, "काप."

मी पहिला काप घेतला. ब्लेड पट्टीतून इतकं सहज गेलं की मला शहारा आला. आजी पुन्हा आत गेली. मी दुसरं टोक शोधू लागले, आणि आतून एक बारीक रडणं आलं.

सुईण ओरडली, "झाली गं बाई! पोरगी हाय!"

माझ्या मांडीवर एकदाच कापलेली टेप होती. अजून काहीच हरवलं नव्हतं. टोकाला टोक लावून चिकटपट्टी मारली असती तर सरांना पत्ताही लागला नसता, आणि ती ओवी आज कुठेतरी सांभाळलेली असती. बाळंतीण सुटली होती. आता कापायला काही कारण नव्हतं. पण आतलं रडणं अगदी क्षीण होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं. ते एकदा थांबलं आणि लवकर आलंच नाही. मी ओवीच्या शेवटाशी खूण केली आणि दुसरा काप घेतला. रडणं नंतर आलं.

सरांनी संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं आणि पुढे मूळ टेप कधी माझ्या हातात दिली नाही. त्यांचं बरोबर होतं. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

पण सर यायच्या आधी, पोरीच्या आंघोळीचं पाणी तापत होतं तेव्हा, मी कापलेल्या पट्टीचं भेंडोळं घेऊन चुलीपाशी गेले.

"आजी, यात पहिल्याची ओवी पण आहे. दुसरीकडे ती कुठंच नाही."

"ठावं हाय मला."

"पुन्हा म्हणाल?"

तिनं मान हलवली. "न्हाई. त्याला बोलवायला नगं आता."

तिनं भेंडोळं हातात घेतलं आणि कानाशी धरलं. त्यातून काही ऐकू येत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. बराच वेळ तिनं ते तसंच धरलं. मग वाकून चुलीत घातलं. पट्टी आक्रसली, काळा धूर आला, घाण वास सुटला. आजीनं डोळे पुसले नाहीत. पाणी सोसवतंय का ते बोट घालून बघितलं आणि मला म्हणाली, "जा, सुईनीला सांग, पोरीचं पानी तापलंय."